सुलाबाईची इर्जिक

पालमच्या अलीकडे एसटीतून उतरून तासभर चाललं की करंजधार लागे. वाटेत कुणी रस्ता चुकला तर गावकरी गंमतीनं म्हणायचे, उगं उभे राहा, सुलाबाईचा आवाज येईल, त्या दिशेनं चालत या. थट्टा खरी, पण फारशी खोटी नव्हे. बौद्धवाड्यातल्या सुलाबाई वाव्हळेचा आवाज भलताच मोठा होता. बैलांशी, तलाठ्याशी आणि देवळापुढच्या पारावर बसलेल्या थोरामोठ्यांशी ती एकाच पट्टीत बोले. किशनराव हे गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी. सुलाबाईचा सासरा त्यांच्या घराला मालक म्हणायचा, नवरा पाटील म्हणायचा, आणि ती सरळ किशनराव म्हणायची. नावच घेते म्हटल्यावर शिवी दिली असंही म्हणता येईना. किशनरावांचा जीव नुसता आत जळायचा.

नवरा सिताराम गेला तेव्हा मुलगा नागनाथ नुकता चालायला लागला होता. भाऊबंद म्हणाले, रान बटईनं दे, बाईमाणसाचं काम नव्हे. सुलाबाईनं कासरा हातात घेतला आणि वखर जुंपला. बाईनं वखर हाकावा की हाकू नये यावर पारावर चार दिवस खल चालला, तोवर तिचं रान वखरून झालं होतं. नदीकाठची सात एकर काळी जमीन, तांबड्या आणि पवळ्या ही बैलजोडी, आणि औरंगाबादेत कॉलेजात शिकणारा मुलगा, एवढी तिची दौलत. त्यातलं काही सोडायची तिची तयारी नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जे झालं, ते करंजधारालाही चुकलं नाही. जाळपोळ झाली नाही, हे आपलं सांगायला बरं. पण गिरणीवाल्यानं बौद्धवाड्याचं दळण घेणं थांबवलं. कामाचं बोलावणं थांबलं, बांधावरची रामराम-जयभीम थांबली. दिवाळीनंतर एकेक गोष्ट सुरू झाली. कुणी कुणाची माफी मागितली नाही. आपल्याकडे बेइमानी जाहीर होते आणि पश्चात्ताप गुपचूप होतो. गिरणी सुरू झाली तरी सुलाबाईनं दळण नेलं नाही. तिनं माळ्यावरचं जातं काढून मांडलं होतं, ते मांडलेलंच ठेवलं.

पुढच्या साली, एकोणऐंशीत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आखाड्यावर गेली, तर दावण रिकामी. शेतातल्या गोठ्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. एरवी ती तिथंच निजायची. पण दसऱ्याला बौद्धवाड्यात धम्मदीक्षेचा सण असतो, वंदना असते, गाणी असतात, आणि त्या रात्री कुणीच शेतावर जात नाही. नेमकी तीच रात्र साधून बैल नेले होते.

सुलाबाई रिकाम्या दावणीपुढे मटकन बसली. रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. तिथं बघायला कुणी नव्हतं. मग पदरानं तोंड पुसून ती रानाकडे बघू लागली. पाऊस संपला होता आणि जमिनीला वापसा आला होता, म्हणजे भुई ना चिकट ना कोरडी. रब्बीची ज्वारी ह्या वापशावर पडली तर पडली. ऊन तापून वरची ओल उडाली की पेरलेलं बी मातीत नुसतं पडून राहतं. तण वाढलं होतं, आधी वखराची पाळी घालायची होती आणि मग पेरणीची तिफण. हाताशी आठ दिवस, फार तर दहा. ज्वारी गेली म्हणजे वर्षाची भाकर गेली आणि वर्षाचा कडबाही गेला. उसने बैल मागावेत तर ह्याच दिवसांत साऱ्या गावाची जनावरं स्वतःच्या रानात राबत असतात.

तिसऱ्या प्रहरी मुंजाजी आला. मुंजाजी गावोगाव फिरून बैलांची शिंगं साळायचा. पोळ्याच्या आधी त्याला क्षणाची उसंत नसे. तासून, गुळगुळीत करून, शेंड्याला असा बाक द्यायचा की बाजारात लांबून ओळखावं, हे मुंजाजीचं काम. प्रत्येकाच्या गोठ्यात त्याचा पाय होता. कुणाचा कुत्रा भुंकतो, कोण कुठं निजतो, कुणाचा मूग विकला गेला, सगळं तो शिंगं तासता तासता विचारायचा, आणि लोकही मोकळेपणानं सांगायचे.

"बाई, जनावरं खुशाल हायत," तो दारात उकिडवा बसत म्हणाला. "मला एकानं सांगितलं, मी तुमाला सांगायलोय. मदी माजं काय न्हाई. मी परवा दुपारी येतो. दावणीचा खर्च द्या, दुसऱ्या सकाळी बैलं आखाड्यावर."

चोरानं चोरीला काय गोंडस नाव ठेवलं होतं! दावणीचा खर्च. म्हणजे तुमचे बैल आम्ही नेले, त्यांना बांधून ठेवायची मजुरी तुम्ही द्या.

"आन न्हाई दिला तर?" सुलाबाईनं विचारलं.

"तर वापसा उडंल बाई. मी काय सांगावं, तुमी शेतकरी." आणि उठता उठता म्हणाला, "ठाण्याची वाट धरली तर मात्र बैलं गंगापार गेली समजा. आन ह्याची वाच्यता कुटं करू नका. तुमचीच शोभा हुईल."

पैसे होते. मूग-उडीद विकून नागनाथच्या खानावळीसाठी ठेवलेले, चोरांनी मागितले जवळपास तेवढेच. हेच सुलाबाईच्या मनाला टोचलं. ती बांधावर बसली आणि जन्मात पहिल्यांदा चोराच्या डोक्यानं विचार करू लागली. किशनरावांच्या दावणीला दोन दांडग्या जोड्या आहेत. त्या सोडून माझेच का नेले? ज्याच्या घरात दाणाच नाही त्याचे बैल नेऊन हाती काय येणार, आणि ज्याच्याकडे दुसरी जोडी आहे तो थांबू शकतो. माझ्या घरात खानावळीपुरते पैसे आहेत आणि रानाला थांबता येत नाही. इथवर तिला उलगडलं. मग पुढचं उलगडलं आणि ती बसल्या जागी ताठ झाली. गेल्या सालापासून अर्धं गाव माझ्याशी धड बोलत नाही. माझ्यासाठी कोण येणार? चोरांनी बैल हेरले नव्हते. एकटं माणूस हेरलं होतं.

"बरं," ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. "एकटी धरलंव का मला? बघू."

आधी ती शेजारी दत्तरावाकडे गेली. दत्तराव तिचा बांधकरी, चार एकरांचा धनी, स्वभावानं भित्रा पण मनानं वाईट नव्हे. दोन वर्षांमागं त्याचे बैल आठवडाभर दिसले नव्हते, तेव्हा त्यानं मामाच्या गावी नेल्याचं सांगितलं होतं.

"दत्तरावभाऊ," ती अंगणातूनच म्हणाली, "तुमच्या मामानं दावणीचा खर्च केवढा घेतला व्हता?"

दत्तरावाचा चेहरा उतरला. तो काही बोलायच्या आत घरातून त्याची बायको कडूबाई बाहेर आली. "सांगा की आता. माज्या हातातले गोट गेले त्याच्यात, आन जगाला मामा सांगत बसले."

मग दत्तराव बोलला. बैल गेले होते, गुपचूप पैसे देऊन सोडवले होते, आणि नंतर वर्षभर तो रात्री उठून दावण चाचपत होता. "लाजंपायी बोललो न्हाई आक्का," तो म्हणाला. "लोक हसले असते." आवाज खाली आणून त्यानं आणखी दोन घरांची नावं घेतली. म्हणजे गावात एवढे लुटले गेले होते आणि जो तो आपली लाज उशाखाली घेऊन निजत होता. सुलाबाईला राग आला, तो चोरांपेक्षा ह्या गप्प बसण्याचा. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी तिचे बैल आज दावणीला असते.

संध्याकाळी ती पारावर गेली. बायका पारावर चढत नसत. ती खाली उभी राहिली, पण तिच्या आवाजाला चढायची गरज कधीच पडली नव्हती.

"माजी बैलं चोरली," ती म्हणाली. "सोडवायला पैसे मागायलेत. मी देणार न्हाई. ह्याच्या आदी ज्यांनी दिले त्यांची नावं मी घेत न्हाई, त्यांनी आपापल्या मनात घ्यावीत. मी आज दिले तर उद्या तुमच्या दावणीला हात पडंल. माजं रान पेरायचं हाय. मी इर्जिक घालायलेय, परवा सकाळी. ज्याला यायचं त्यानं औत घेऊन यावं."

इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या रानात गावानं आपापली औतं घेऊन उतरायचं आणि एका दिवसात काम उरकायचं. मजुरी नाही, मोबदला नाही. त्याचा नेम एकच. ज्याची इर्जिक, त्याच्या घरचं जेवण, त्याच्याच रानात, आणि घरधन्यानं स्वतःच्या हातानं वाढलेलं. हा नेम ठाऊक नसलेलं माणूस करंजधारात नव्हतं. म्हणूनच पारावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला.

किशनराव खाकरले. माणूस दुष्ट नव्हता, त्यांना फक्त जग जसं आहे तसंच सोयीचं होतं. "सुलाबाई, बैलं गेली ते वाईट झालं. येतील लोक. माजी बी एक जोडी देतो. पर जेवणाचं तेवढं सोड. कोरडा शिधा दे, माज्या घरी रांधून घेऊ. बोभाटा कशाला?"

सात एकर रान, वापसा उडायला आलेला, आणि समोरून जोडी चालून आलेली. सुलाबाईच्या तोंडाशी होकार आला होता. तिच्या मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या बौद्धवाड्यातल्या बायकाही कुजबुजल्या, घे, घे. पण होकार दिला असता तर ती सुलाबाई कसली!

"न्हाई किशनराव. जेवण न्हाई तर ती इर्जिक न्हाई, तो उपकार झाला. तुमी मला पंगतीच्या भाईर ठेवलं, म्हणून तर चोरानं मला हेरलं. उपकारावर पेरून घेतलं तर पुढल्या साली त्यो पुन्हा येईल. भाकर मी रांधणार आन मीच वाढणार. जेवायचं नसंल तर औत आणू नका."

ती निघून आली. घरी आल्यावर मात्र तिला शंका आली. आपण आपल्याच हातानं ज्वारी बुडवली की काय, ह्या विचारात पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. मग ती उठली आणि जात्यापुढे बसली. चाळीस माणसांचं पीठ दळायचं होतं. कोणी येवो न येवो, पीठ कमी पडता कामा नये. वाड्यातल्या बायका तिच्यावर चिडल्या होत्या, पण जात्याची घरघर ऐकून एकेक जण येऊन खुंट्याला हात लावू लागली.

इर्जिकीच्या दिवशी सकाळी रानात बौद्धवाड्यातलीच दोन औतं होती. ऊन वर आलं तरी तेवढीच. सुलाबाई गावाच्या वाटेकडे बघत नव्हती. बघत नव्हती म्हणजे मान तिकडे वळवत नव्हती इतकंच. तेवढ्यात दत्तराव आला. पुढं बैल, खांद्यावर तिफण, आणि मागं बी सोडायला पदर खोचून कडूबाई. येताना गावभर दिसेल अशा वाटेनं आला. भित्र्या माणसाला एवढं धैर्य कुठून आलं असेल? कडूबाईच्या गेलेल्या गोटांतून, दुसरं काय! त्याच्यामागून ती दुसरी दोन घरं आली. मग ज्यांचं काहीच गेलं नव्हतं पण ज्यांना जाण्याची भीती होती, तेही आले. किशनरावांची जोडी आली नाही, आणि किशनरावही नाहीत. पण पुढं वखर, मागं तिफणी असं रान भरून गेलं, आणि दुपारपर्यंत नदीच्या बाजूचं सगळं पेरून झालं.

आता जेवण. सुलाबाईनं बाभळीखाली भाकरीची चळत, येसराची आमटी आणि ठेचा मांडला. आणि काय चमत्कार! ना एकादशी, ना सोमवार, पण करंजधारातल्या निम्म्या माणसांना त्या दिवशी उपास निघाला.

"मला उपास हाय, सुलाबाई."

"मला बी."

सुलाबाई हसली. ती आपल्या गावाला चांगली ओळखून होती. तिनं दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. "भगर रांधलीय. शेंगदाण्याची आमटी हाय. ज्याला उपास त्याला भगर, ज्याला न्हाई त्याला भाकर. पर पंगत एकच."

कुणीतरी फस्सकन हसलं. दत्तरावानं सगळ्यांच्या आधी बैठक मारली. "मला भाकर वाढा आक्का, लय भूक लागलीय." कडूबाई बसली. मग एकेक करून बसले. दोघे जण मात्र बैल सोडून न जेवता निघून गेले, आणि सुलाबाईनं त्यांना थांबवलं नाही. वाईट वाटलं तिला, वाटणारच. सकाळपासून त्यांनीही तिच्या रानात घाम गाळला होता.

पंगत अर्ध्यावर असताना बांधावरून मुंजाजी येताना दिसला. बाई नमली असेल, पैसे घेऊन जावं, अशा बेतानं आला होता. एवढी औतं बघून तो माघारी वळणार, तोच सुलाबाईचा आवाज फुटला.

"या मुंजाजी, जेवायला या! मंडळी, माज्या बैलांचा निरोप ह्यांच्याकडं असतो बरं का."

चाळीस माणसांचे हात ताटातच थांबले. ह्या माणसाला प्रत्येकानं आपल्या गोठ्यात घेतलं होतं, चहा पाजला होता, कोण कुठं निजतं ते सांगितलं होतं. दत्तराव उभा राहिला. एरवी त्याला कुणी घाबरत नसे. मुंजाजी त्या दिवशी घाबरला.

"मी फकस्त निरोप्या हाय," तो पुटपुटला.

"मग निरोप घेऊन जा," सुलाबाई म्हणाली. "माजी पेरणी झाली. आता मला बैलांची घाई न्हाई. ठेवा तुमच्याकडं, वैरण घाला, पाणी दाखवा. दावणीचा खर्च आता तुमाला पडायलाय. आन विकायचे म्हणताव तर त्यांची शिंगं ह्याच पोळ्याला तुमी साळलीत. तुमचा हात साऱ्या बाजाराला ठावा हाय. कुटं उभे करताव तेवढं गावाला बघू द्या."

 मुंजाजीला साऱ्या दावणी पाठ होत्या. आज ही पंगत बसेल, एवढंच त्यानं धरलं नव्हतं. तो गेला, तो पुन्हा करंजधारात शिंगं साळायला आला नाही. आठवडाभरात तांबड्या आणि पवळ्या एका सकाळी आखाड्यावर उभे होते, गळ्यात चोरांचा कोरा करकरीत कासरा. सुलाबाईनं दोघांच्या गळ्याला मिठी मारली आणि ह्या वेळी लोकांसमोर रडली. कासरा चांगला होता, तो तिनं ठेवून घेतला.

चोर सुधारले असं मात्र समजू नका. चोर सुधारत नसतो, निवड बदलतो. पुढच्या साली त्यांनी करंजधारात पुन्हा हात घातला, आणि ह्या वेळी दोन्ही जोड्या नेल्या त्या किशनरावांच्या. मुलं परभणीला नोकरीत, रान मोठं, वापसा आलेला. आणि गावाच्या पंगतीत न बसलेलं ते एकच मोठं घर उरलं होतं. पारावर किशनरावांनी इर्जिकीचा विषय काढला तेव्हा सगळे दत्तरावाकडे बघू लागले आणि दत्तराव म्हणाला, "आक्काला बोलवा. आक्का येईल तर आमी येऊ."

किशनराव बौद्धवाड्यात आयुष्यात पहिल्यांदा आले. चपला कुठं काढाव्यात हेही त्यांना समजेना. "सुलाबाई, उद्या औत घेऊन येशील का?"

वाड्यातली तरणी पोरं म्हणाली, जाऊ नको, भोगू दे. त्यांचं चुकत होतं असं नाही. 

"न गेले तर चोराचं काम मीच केलं," सुलाबाई पोरांना म्हणाली. मग किशनरावांकडे वळली. "येते. इर्जिकीचा नेम तुमाला ठावा हाय."

"हाय," किशनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांबड्या-पवळ्याला चोरांचाच कासरा लावून ती किशनरावांच्या रानात उतरली आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत राबली. दुपारी आंब्याखाली पंगत बसली. सुलाबाई कडूबाईच्या शेजारी मध्यावर बसली. किशनराव भाकरीची टोपली घेऊन एका टोकापासून वाढत आले आणि तिच्यापुढं येऊन थांबले. हात टोपलीतच राहिला. दोन्हीकडच्या लोकांचे घास थांबले. सुलाबाईनं ताट पुढं सरकवलं नाही आणि मागंही घेतलं नाही.

"वाढा, किशनराव," ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज लहान होता. "भाकर निवायलीय."

किशनराव वाकले आणि त्यांनी भाकर वाढली.